ॲलेक गिनेसला ‘स्टार वॉर्स’नं घडवलं नाही

इंग्लिश नट ॲलेक गिनेसबद्दल एक मजकूर सारखा फिरत असतो. त्याचा मथितार्थ असा: विस्मृतीत गेलेल्या या नटाला १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’नं नाव दिलं, तरी तो त्या चित्रपटाचा जन्मभर द्वेषच करत राहिला, बाकी भूमिका कुठलीही द्या, तो ती पेलायचाच. यातलं एकही विधान पूर्णपणे टिकत नाही.

विस्मृतीत गेलेला? ‘स्टार वॉर्स’च्या जवळजवळ वीस वर्षं आधी ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’साठी त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं होतं. १९५९ मध्ये तो ‘सर’ झाला. त्याही आधी, १९४९ च्या ‘काइंड हार्ट्‌स अँड कॉरोनेट्‌स’मध्ये त्यानं एकाच घराण्यातली आठ माणसं साकारली, त्यांत एक बाईसुद्धा. चर्चमधल्या एका दृश्यात त्यांतली सहा एकत्र दिसतात. संगणक नव्हता, छायालेखक डग्लस स्लोकोम्बनं कॅमेरा जागचा हलू न देता, भिंगाचा एकेक भाग झाकत तीच फिल्म पुन्हा पुन्हा चालवली. गिनेस प्रत्येक वेळी नव्या वेशात येऊन बसला.

‘क्वाय’मध्ये त्यानं साकारलेला युद्धकैदी कर्नल निकल्सन पत्र्याच्या कोठडीतून बाहेर येतो, तेव्हाची त्याची ताठ पण लडखडती चाल पाहा. पोलिओतून सावरणाऱ्या स्वतःच्या मुलाची चाल गिनेसनं तिथे वापरली होती. माझ्या मते पडद्यावरचे त्याचे सर्वांत थोर क्षण तेच. ते पाहिलेला माणूस त्याला ‘स्टार वॉर्स’मधला ‘ओबी-वान’ एवढ्यावर संपवूच शकत नाही.

द्वेषाची गोष्ट अर्धीच खरी आहे. चित्रीकरण चालू असताना लिहिलेल्या पत्रात त्यानं संवादांना कचरा म्हटलं, आणि पुढे त्या एकाच भूमिकेच्या कौतुकाला तो कंटाळला, हे खरं. पण तयार चित्रपट पाहिल्यावर त्यानं रोजनिशीत त्याच्या भव्यतेची तारीफ केली. पुढच्या दोन्ही भागांत छोट्या भूमिका केल्या. उत्पन्नात वाटा होता, त्यातून उतारवयात त्याला आर्थिक स्वास्थ्य लाभलं. आणि १९७९ मध्ये बीबीसीच्या मालिकेत त्यानं जॉर्ज स्माइली हा हेर उभा केला, तो जवळजवळ नुसत्या चष्म्यावर आणि शांततेवर. संपलेल्या नटाचं हे काम नव्हे.

राहिलं ‘कुठलीही भूमिका पेलायचा’. मी त्याचा चाहता आहे, म्हणूनच हे कौतुक मला मान्य नाही. १९४८ च्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये फेगिन या ज्यू पात्रासाठी त्यानं जे भलंमोठं नकली नाक लावलं, त्यात ज्यूंच्या द्वेषातून निघालेल्या व्यंगचित्रांची छाया होती. युद्ध संपून तीनच वर्षं झाली होती. बर्लिनमध्ये त्या चित्रपटाविरुद्ध निदर्शनं झाली, अमेरिकेत तो १९५१ मध्ये काटछाट करूनच लागला.

त्यानंतर १९८४ चा ‘अ पॅसेज टू इंडिया’. फॉर्स्टरच्या कादंबरीतले प्राध्यापक गोडबोले हे दख्खनी ब्राह्मण. आपल्याला ते आडनाव ऐकताच माणूस कुठला ते कळतं. गिनेसनं चेहऱ्याला तपकिरी रंग फासून, बेतलेल्या उच्चारांत ते साकारले. दिग्दर्शक तोच, ‘क्वाय’वाला डेव्हिड लीन. पण पडद्यावर गोडबोले दिसत नाहीत, वेश दिसतो. त्याच चित्रपटात व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी आणि रोशन सेठ असताना या एका भूमिकेसाठी भारतीय नट सापडला नसता, हे मला पटत नाही.