‘सिगारेट परवडली, व्हेप नको’ : त्या मेसेजमधलं गळालेलं वाक्य

‘व्हेपमध्ये सिगारेटच्या 15 पट फॉर्माल्डिहाइड असतं, त्याने पॉपकॉर्न लंग होतो, 2019 मध्ये अमेरिकेत माणसं मेली. त्यापेक्षा सिगारेट परवडली!’ असा व्हेपबद्दल, म्हणजे ई-सिगारेटबद्दल, मेसेज फिरतोय. तिन्ही गोष्टींना थोडाफार आधार आहे, म्हणून तर तो पटतो.

आधी तो 15 चा आकडा. जानेवारी 2015 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पोर्टलँड स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांचं एक छोटं पत्र छापून आलं. व्हेप 5 व्होल्टवर चालवला तर फॉर्माल्डिहाइडमुळे होणाऱ्या कॅन्सरचा धोका सिगारेटच्या 5 ते 15 पट भरेल, असा तो अंदाज होता. म्हणजे 15 पट धोका, तोही वरच्या टोकाचा; 15 पट फॉर्माल्डिहाइड नव्हे. शिवाय 3.3 व्होल्टवर ते सापडलंच नाही, हेही त्याच पत्रात आहे. फॉरवर्ड होता होता नेमकं हेच वाक्य गळालं.

होतं काय, तर व्हेपमधल्या तापणाऱ्या तारेतली (कॉइलमधली) कापसाची वात द्रवाने भिजलेली असते. उष्णता वाढून वात कोरडी पडली की त्यातलं ग्लिसरीन करपतं आणि फॉर्माल्डिहाइड तयार होतं. असा करपट झुरका घशाला इतका झोंबतो की माणूस दुसरा घेत नाही. प्रयोगशाळेतल्या मशीनला बिचारीला चव कुठे कळते! या प्रयोगावर मुख्य आक्षेप आला तो हाच.

पॉपकॉर्न लंग हा फुप्फुसाचा गंभीर आजार; त्याचं नाव पडलं ते पॉपकॉर्न कारखान्यातल्या कामगारांमुळे. लोण्याच्या वासाचं डायसेटिल हे रसायन त्यांच्या फुप्फुसात जात होतं. काही व्हेप-द्रवांतही ते सापडलं, पण सिगारेटच्या धुरात ते त्याहून जास्त असतं. मग सिगारेट कशी परवडली?

2019 चे मृत्यू खरे आहेत. फेब्रुवारी 2020 पर्यंत 68. पण बहुतेक रुग्णांनी गांजातल्या टीएचसी या नशा आणणाऱ्या द्रव्याची व्हेप-कार्ट्रिजं ओढली होती, आणि मुख्य संशय गेला तो त्यांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर.

जळण्याबद्दल मात्र मेसेजमध्ये चकार शब्द नाही. झुरका घेताना सिगारेटचं टोक 900 अंशांच्या आसपास तापतं. टार, कार्बन मोनॉक्साइड आणि कॅन्सर करणारी किमान 70 रसायनं येतात ती त्या धुरातून. व्हेपमध्ये तंबाखू जळतच नाही.

पण म्हणून ‘व्हेप म्हणजे नुसती वाफ’ म्हणणाऱ्यांनी खूश होऊ नये. निकोटिन आहेच, कॉइलमधून निकेल आणि शिसंही उतरतं. कधीच न ओढलेल्याने तुलना करायची ती स्वच्छ हवेशी. ब्रिटनमधल्या 2017 च्या एका अभ्यासात सिगारेट पूर्ण सोडून व्हेपवर आलेल्यांच्या लघवीत तंबाखूतल्या एका कर्करोगकारी द्रव्याचा अंश फक्त सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा 97 टक्के कमी निघाला. दिवसभर व्हेप आणि जेवणानंतर ‘एकच’ सिगारेट, अशा दोन्ही ओढणाऱ्यांत मात्र तशी घट दिसली नाही.