फोन दिसत नाही? आधी केबल बदला, कंपाइल नंतर

लिनक्स वापरणाऱ्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरत असतो. अँड्रॉइड फोनमधल्या फाइली लिनक्सवर घ्यायच्या तर 'लिबएमटीपी' (फोन आणि संगणक ज्या 'एमटीपी' पद्धतीने फाइली देतात-घेतात, तिची लायब्ररी) आणि 'जेएमटीपीएफएस' (फोन फोल्डरसारखा दाखवणारा प्रोग्राम) सोर्स कोडवरून स्वतः बांधा, म्हणजे कंपाइल करा, नाहीतर फोन दिसतच नाही. डिस्ट्रोची (उबुंटूसारख्या लिनक्स संचाची) तयार पॅकेजं जुनाट असतात, स्वतः बांधलेलं वेगात चालतं, आणि कोड उघडा असल्यामुळे धोका नाही. शेवटी कॉन्फिगर, मेक, सुडो मेक इन्स्टॉल (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) या तीन आज्ञा दिल्या की काम फत्ते.

"बांधल्याशिवाय फोन दिसतच नाही" हे साफ चूक. अँड्रॉइड 6 पासून फोन संगणकाला जोडला की आपणहून फक्त चार्ज होतो. लॉक काढून, नोटिफिकेशन खाली ओढून 'फाइल ट्रान्सफर' निवडावं लागतं. दुसरा गुन्हेगार केबल. स्वस्तातल्या कित्येक केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतातच. टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' ही जोडलेल्या उपकरणांची यादी देणारी आज्ञा चालवा. यादीत फोन नसेल तर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर बांधून उपयोग नाही. आणि असेल, तर ग्नोम या डेस्कटॉपचा फाइल मॅनेजर 2013 पासून एमटीपी बोलतो, तेही त्याच लिबएमटीपीच्या जोरावर. म्हणजे जे बांधायला सांगताहेत ते बहुतेकांकडे आधीच बसलेलं असतं.

पॅकेजं जुनी असतात, हे मात्र अर्धं खरं. लिबएमटीपीकडे ओळखीच्या उपकरणांची यादी असते आणि कोणतं उपकरण कुठे अडतं याच्या नोंदी असतात. नवा फोन त्या यादीत नसला की 'अननोन' असा संदेश येतो आणि लोक घाबरतात. तो संदेश म्हणजे अपयश नव्हे. यादीत नसलेल्या फोनशीही ते बोलून बघतं आणि बऱ्याचदा जमतं. नाहीच जमलं तर 'अँड्रॉइड फाइल ट्रान्सफर' वापरून बघा. त्यात एमटीपीचा स्वतंत्र कोड आहे, आणि डेबियन-उबुंटूच्या भांडारात ते तयार मिळतं. तेही अडलं तर खुशाल सोर्सकडे वळा.

वेगाचा मुद्दा दोन वाक्यांचा आहे. यूएसबी 2.0 ची कमाल मर्यादा 480 मेगाबिट प्रतिसेकंद, आणि टाइप-सी पोर्ट असलेले पुष्कळ फोन (आयफोन 15 सुद्धा) आतून यूएसबी 2 च असतात. त्यात एमटीपी एका वेळी एकच व्यवहार करतं, त्यामुळे हजारो फोटो रांगेतच येणार, बायनरी (बांधून तयार झालेला प्रोग्राम) कुणीही बांधलेली असो.

"कोड समोर आहे, म्हणून सुरक्षित." समोर असणं आणि कुणी वाचलेला असणं यात फरक आहे. मार्च 2024 मध्ये 'एक्सझेड' या फाइली आकसवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा सापडला. तो चालू करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये (कोडच्या उघड्या भांडारात) नव्हती, फक्त प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये (डाउनलोडसाठी ठेवलेल्या सोर्सच्या गठ्ठ्यात) होती. हेही सांगायला हवं की तो दरवाजा डेब किंवा आरपीएम (डिस्ट्रोंचे दोन पॅकेज-प्रकार) पॅकेज बनतानाच उघडत असे, म्हणजे पॅकेजवाले काही आपोआप सोवळे ठरत नाहीत. पण दोष सापडला की पॅकेजवाल्यांचा अपडेट तुमच्याकडे येतो. घरी बांधलेल्या प्रतीला तो कोण देणार?

आता त्या तीन आज्ञा. मेसेजमधला सगळ्यात खोटा भाग हाच. पहिलीच अडते: लिबएमटीपी बसलेलं असूनही 'सापडत नाही' म्हणते, कारण बांधताना लागणाऱ्या हेडर फाइली वेगळ्या 'डेव्ह' पॅकेजमध्ये असतात. ते घाला, तर लिबयूएसबी या यूएसबी लायब्ररीचं डेव्ह हवं, मग फोन फोल्डरसारखा दाखवायला लागणाऱ्या फ्यूजचं. सगळं पार पडून प्रोग्राम चालवावा, तर लायब्ररी सापडत नाही, कारण नव्या लायब्ररीची नोंद घेणारी 'एलडीकॉन्फिग' ही आज्ञा चालवायची राहिली. मग यूडेव्हचे (कुठलं उपकरण कुणी उघडावं हे ठरवणारे) नियम जागेवर नसले की फोन फक्त सुडोनेच उघडतो, आणि लोक फाइल मॅनेजरच रूट, म्हणजे प्रशासक, म्हणून चालवू लागतात! दरम्यान लिबएमटीपीच्या दोन प्रती झालेल्या असतात, आणि कुठला प्रोग्राम कुठली उचलतोय हे शोधण्यात संध्याकाळ जाते. काढून टाकायचं म्हटलं, तर कॉन्फिगरऐवजी 'सीमेक' हे साधन वापरणाऱ्या प्रकल्पांत 'अनइन्स्टॉल' ची आज्ञा लेखकाने मुद्दाम लिहिलेली असेल तरच मिळते.

तरीही बांधायचंच असेल तर सुडो टाळा. प्रीफिक्स (कुठे बसवायचं ती जागा) म्हणून होम फोल्डरमध्ये एक वेगळा, रिकामा फोल्डर द्या. नको झालं की तेवढा फोल्डर उडवायचा. सिस्टिमची प्रत जागेवरच राहते.