मालिकेनंतरच्या कादंबऱ्या आणि वाचकांचा ‘व्यर्थ’ शोक : एका प्रचलित दाव्याचा प्रतिवाद

एखादी विज्ञानकथात्मक दूरचित्रवाणी मालिका संपते, तिचे हक्क असलेली कंपनी प्रकाशकाला परवाना देते आणि पडद्यावर थांबलेली गोष्ट कादंबरीच्या रूपाने पुढे चालू लागते. अशा टाय-इन कादंबरीवर चाहते हिरिरीने बोलू लागले, त्यांतले काही दुखावले गेले, की एक ठरलेले उत्तर त्यांच्यापुढे ठेवले जाते. ते थोडक्यात असे : या कादंबऱ्या ‘कॅनन’ नाहीत, म्हणजे अधिकृत कथेचा भाग नाहीत, तेव्हा त्यांत काहीही घडले तरी ते घडलेले नसते, त्या पोटार्थी लेखकांनी मानधनासाठी पाडलेल्या असतात, त्यांवर चिडणाऱ्या चाहत्यांना बदल सोसवत नाही, एवढेच त्या चिडण्याचे कारण असते, आणि पुढची मालिका आली की हे सगळे पुसले जाणारच असते, म्हणून कादंबरीतल्या मृत्यूवर हळहळणे हा पोरकटपणा होय. हे मत इतक्या जणांनी इतक्या वेळा मांडले आहे की ते तपासून पाहण्याची गरजही कोणाला वाटेनाशी झाली आहे. मला ते चारही मुद्द्यांवर चुकीचे वाटते.

पहिल्या मुद्द्यातली वस्तुस्थिती मी नाकारत नाही. ‘स्टार ट्रेक’ या अंतराळप्रवासावरच्या अमेरिकी मालिकांच्या हक्कदारांनी ‘पडद्यावर दिसले तेवढेच अधिकृत’ हे धोरण वर्षानुवर्षे ठेवले आहे आणि पटकथाकारांवर कादंबऱ्यांतील घटना मानण्याचे बंधन नाही. मात्र बंधन नाही म्हणून संबंधच नाही, असा अर्थ काढला की चूक होते. १९६६ ते १९६९ या काळातल्या मूळ मालिकेत सुलू या पात्राचे पहिले नाव कधी सांगितलेच गेले नव्हते. ‘हिकारू’ हे नाव व्हॉन्डा मॅकिन्टायर यांनी १९८१ च्या ‘द एन्ट्रॉपी इफेक्ट’ या कादंबरीत दिले आणि १९९१ च्या चित्रपटात ते पडद्यावर उच्चारले गेले. त्याच मालिकेतल्या उहुराचे ‘न्योटा’ हे नाव १९८२ च्या एका पूरक पुस्तकातून आले व २००९ च्या चित्रपटाने ते उचलले. केवळ ‘नंबर वन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अधिकारी स्त्रीला ‘उना’ हे नाव २०१६ च्या एका कादंबरीत्रयीत मिळाले आणि पुढे मालिकांनी तेच कायम केले. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेचे उदाहरण तर याहून ठळक आहे; तिचा नायक ‘डॉक्टर’ रूप बदलत राहतो आणि त्याची रूपे क्रमांकाने ओळखली जातात. पॉल कॉर्नेल यांची ‘ह्यूमन नेचर’ ही कादंबरी १९९५ साली, म्हणजे ती मालिका बंद असतानाच्या काळात, सातव्या डॉक्टरला नायक करून लिहिली गेली होती. २००७ साली त्याच कथानकावर दोन भाग तयार झाले, पटकथा कॉर्नेल यांनीच लिहिली, आणि नायक तेवढा दहावा डॉक्टर झाला.

असे असले तरी हा पुरावा पुढे करून थांबायला माझे मन तयार होत नाही. कादंबरीतले नाव पडद्याने घेतले म्हणून कादंबरीला किंमत आली, असे म्हणताना आपण निवाड्याचा अधिकार पुन्हा पडद्याकडेच सोपवतो. खरा प्रश्न वेगळा आहे. हक्कदार कंपनीचे धोरण हे तिच्या लेखकांच्या सोयीसाठी असते. पुढच्या पटकथेने कोणती गोष्ट गृहीत धरावी आणि कोणती धरू नये, एवढे ते सांगते. वाचकाने कशाने हलून जावे हे ठरवणे त्या धोरणाच्या कक्षेत येतच नाही. अंतराळस्थानकावर घडणाऱ्या ‘डीप स्पेस नाइन’ या ‘स्टार ट्रेक’ मालिकेत गॅरॅक हा कार्डेशियन या परग्रही वंशाचा शिंपी साकारणारे अभिनेते अँड्र्यू रॉबिन्सन यांनी पात्र समजून घेण्यासाठी त्याच्या नावाने रोजनिशी लिहायला घेतली होती आणि तिच्यातील उतारे ते चाहत्यांच्या संमेलनांत वाचून दाखवत असत. त्यातूनच २००० साली ‘अ स्टिच इन टाइम’ ही कादंबरी तयार झाली. उद्ध्वस्त झालेल्या मातृग्रहावरून गॅरॅक स्थानकावरच्या डॉक्टर बशीरला एक प्रदीर्घ पत्र लिहितो, अशी तिची मांडणी आहे. ती अधिकृत आहे का, हा प्रश्न वाचताना मनात येतही नाही. मनात येतो तो दुसराच प्रश्न : अर्धसत्य बोलण्यात हयात गेलेला हा माणूस एकटा असताना स्वतःशी असाच बोलेल का? मालिकेच्या चाहत्याची कसोटी ही असते. ‘आवाज जुळला’ किंवा ‘आवाज जुळला नाही’ असे तो म्हणतो, तेव्हा तो व्यक्तिचित्रणाबद्दलच बोलत असतो, आणि शंभराहून अधिक भाग कान देऊन ऐकल्यामुळे त्याचा कान कोणत्याही त्रयस्थ परीक्षकापेक्षा तयार असतो.

पोटार्थी लेखकांचा मुद्दा लवकर निकालात निघतो. प्रौढ वाचकांसाठीची पहिली स्वतंत्र ‘स्टार ट्रेक’ कादंबरी १९७० साली जेम्स ब्लिश यांनी लिहिली आणि त्यांना त्याच्या ११ वर्षे आधी ह्यूगो हा विज्ञानकथेचा मानाचा पुरस्कार मिळालेला होता. ‘द फॉरेव्हर वॉर’साठी ह्यूगो व नेब्युला हे दोन्ही पुरस्कार मिळवणाऱ्या जो हाल्डमन यांनी या मालिकेवर दोन कादंबऱ्या लिहिल्या. वर आलेल्या मॅकिन्टायर यांनाही ‘ड्रीमस्नेक’साठी हे दोन्ही पुरस्कार मिळाले होते. हे लेखन मानधनावर होते हे खरे आहे. पुस्तकाचा आराखडा आधी स्टुडिओच्या परवाना विभागाकडे जातो, तो मंजूर झाला की हस्तलिखित पुन्हा तपासले जाते, आणि हक्क सामान्यतः लेखकाकडे राहत नाहीत. परंतु मालिकेचा प्रत्येक भागही मानधन घेऊन, मुदत पाळून आणि मंजुरी मिळवूनच लिहिलेला असतो. तोच व्यवहार पडद्यासाठी झाला की कला आणि पुस्तकासाठी झाला की पाट्या टाकणे, हा भेद कशावर उभा आहे हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही. घाईत उरकलेल्या कादंबऱ्या आहेत, यात शंका नाही. त्या ओळखून बाजूला ठेवण्याचे काम सर्वांत आधी चाहतेच करतात.

तिसरा मुद्दा, म्हणजे चाहत्यांना बदल सोसवत नाही हा, मला सर्वाधिक अन्यायाचा वाटतो, कारण तो ऐकायला पटणारा आहे आणि प्रत्यक्षात जे घडले त्याच्या नेमका उलट आहे. ‘डीप स्पेस नाइन’ १७६ भागांनंतर १९९९ साली संपली, तेव्हा तिचे कुटुंब विखुरलेले होते. स्थानकाचा प्रमुख सिस्को ‘पैगंबर’ म्हटल्या जाणाऱ्या परग्रही शक्तींच्या लोकात गेला होता, ओडो आपल्या लोकांत परतला होता, ओब्रायन पृथ्वीवर निघाला होता आणि वॉर्फ राजदूत झाला होता. एस. डी. पेरी यांच्या २००१ च्या ‘अवतार’ या दोन भागांतील कादंबरीने ही मंडळी जादूने परत आणली नाहीत. तिने स्थानकाचे प्रमुखपद सिस्कोची सहकारी कीरा हिच्याकडेच ठेवले, वयोवृद्ध व्हॉन आणि अँडोरियन शार ही नवी पात्रे आणली, आणि ज्यांच्याशी नुकतेच युद्ध झाले त्या जेम हदारांपैकी एकाला निरीक्षक म्हणून स्थानकावर ठेवले. बदल म्हणावा तर यापेक्षा मोठा कोणता? तरीही वाचकांनी या कादंबरीचे मनापासून स्वागत केले, आणि त्यानंतर त्याच धाग्यावर अनेक पुस्तके आली. सिस्को परतला तो २००३ च्या ‘युनिटी’मध्ये, आणि वाचकांनी तोपर्यंत वाट पाहिली.

‘एंटरप्राइझ’ या दुसऱ्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या बाबतीत तर कादंबरीने पडद्यालाच फिरवले. २००५ च्या अंतिम भागात जहाजाचा अभियंता ट्रिप टकर मरतो, आणि तो मृत्यू कित्येक प्रेक्षकांना उगाच घडवलेला वाटला होता. ‘द गुड दॅट मेन डू’ या २००७ च्या कादंबरीत ‘डीप स्पेस नाइन’मधले, आता वृद्ध झालेले जेक सिस्को आणि नॉग जुन्या नोंदी तपासतात आणि तो मृत्यू बनाव होता, ट्रिप हेरगिरीसाठी रोम्युलन या शत्रूवंशाच्या प्रदेशात गेला होता, असे त्यांना आढळते. काही वाचकांना याने समाधान मिळाले, तर काहींना ही युक्ती ओढूनताणून आणलेली वाटली. दोन्ही बाजूंचा वाद कारागिरीचा होता. आपल्या आवडत्या पात्राला जीवदान मिळूनही ‘हे नीट जुळवलेले नाही’ असे म्हणणाऱ्या वाचकावर हट्टीपणाचा आरोप कसा करायचा?

आणि जेनवे. चाहत्यांच्या संतापाचा विषय निघाला की हेच उदाहरण दिले जाते, म्हणून त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. ‘व्हॉयेजर’ या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतली ही कप्तान सात वर्षे आपले जहाज आणि आपली माणसे आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकावरून घरी आणत होती. पीटर डेव्हिड यांच्या २००७ च्या ‘बिफोर डिसऑनर’ या कादंबरीत बोर्ग ही इतरांना आपल्या यंत्रसमूहात सामावून घेणारी परग्रही जात तिला गिळंकृत करते आणि अखेर तिचा अंत होतो. ही कादंबरी ‘व्हॉयेजर’ची नव्हती; ती ‘नेक्स्ट जनरेशन’ या वेगळ्या मालिकेच्या नावाखाली, तिचा कप्तान पिकार्ड याच्या गोष्टीचा भाग म्हणून निघाली होती. ज्यांना तिने घरी आणले त्यांची कथा चालू असलेल्या पुस्तकात तिचा शेवट झाला नाही, ही त्या दुःखाची मुख्य गाठ होती, आणि ती लक्षात घेतली नाही तर सगळी प्रतिक्रिया भावनेच्या भरातली वाटते. कप्तानाला मरण येऊ शकते हे विज्ञानकथेच्या वाचकाला शिकवावे लागत नाही. त्याची तक्रार अशी होती की सात वर्षे बांधलेल्या आयुष्याचा शेवट दुसऱ्याच्या कथानकातला एक टप्पा म्हणून वापरला गेला. याचा पडताळा पुढे मिळाला. कर्स्टन बेयर यांनी २००९ च्या ‘फुल सर्कल’मध्ये जेनवेला परत आणले नाही. त्यांनी तिचा सहकारी चकोटे याला आणि इतरांना तिच्यासाठी शोक करू दिला, आणि हा शोक कथेच्या मध्यभागी ठेवला. मृत्यू कायम असूनही हे पुस्तक वाचकांना जवळचे वाटले, कारण जे वाक्य आधी अर्धे सुटले होते ते कोणीतरी पूर्ण केले होते. पुढे २०१२ साली बेयर यांनीच ‘द इटर्नल टाइड’मध्ये जेनवेला जिवंत केले, तेव्हा ते योग्य झाले का यावरही वाद झाला. ज्यांना फक्त आपले आवडते पात्र परत हवे असते, त्यांच्यात असा वाद होण्याचे कारणच नव्हते.

या ठिकाणी चाहत्यांच्या बाजूचीही एक चूक सांगायला हवी. असा मोठा निर्णय हा एकट्या लेखकाचा नसतो. तो संपादक आणि परवाना विभाग यांच्या संमतीने, अनेकदा कित्येक पुस्तकांची आखणी एकत्र करून घेतला जातो. मुखपृष्ठावर नाव आहे म्हणून सगळा राग त्या एका व्यक्तीवर काढणे, आणि त्याहून वाईट म्हणजे तिच्या हेतूंवर व खासगी आयुष्यावर घसरणे, हे कोणत्याही प्रेमाच्या नावाखाली क्षम्य ठरत नाही. पण काहींच्या या वागण्यावरून सर्वांच्या आक्षेपांना केराची टोपली दाखवणे हेही तितकेच आळशीपणाचे आहे.

शेवटचा मुद्दा पुसले जाण्याचा. २०२० साली ‘पिकार्ड’ ही नवी ‘स्टार ट्रेक’ मालिका आली आणि २००१ पासून विणत आणलेले कादंबऱ्यांचे विश्व तिच्याशी विसंगत ठरले, हे खरे आहे. त्यावर प्रकाशक आणि लेखक गप्प राहिले नाहीत. डेटन वॉर्ड, जेम्स स्वॉलो आणि डेव्हिड मॅक यांनी २०२१ साली ‘कोडा’ ही त्रयी लिहून त्या संपूर्ण काळरेषेचा शेवट कादंबरीच्याच आत घडवून आणला. त्या तीन पुस्तकांत अनेक ओळखीची माणसे मरतात. ‘इतके मृत्यू कशासाठी’ असे विचारणारे वाचक होते, आणि निमूटपणे विसरले जाण्यापेक्षा निरोपाला तीन पुस्तके मिळाली म्हणून कृतज्ञ असलेलेही होते. माझे स्वतःचे मत पहिल्यांच्या जवळचे आहे : शोकाला जागा मिळण्यापूर्वीच पुढचा मृत्यू येऊन ठेपतो, आणि ‘फुल सर्कल’ने जे साधले होते ते इथे घाईत निसटते. मात्र दोन्ही गटांना आपण वाचत असलेली काळरेषा यापुढे चालणार नाही हे पुस्तक उघडण्यापूर्वीच माहीत होते, आणि तरीही त्यांचा वाद शेवट कसा लिहिला गेला याबद्दलच चालला. पुसले जाणे हेच जर सर्व भावना रद्द करणारे कारण असते, तर या त्रयीवर बोलायला कोणी उरलाच नसता.

‘डॉक्टर हू’ १९८९ साली बंद पडली, तेव्हा ती परत येईल याची कोणालाही खात्री नव्हती. १९९१ पासून व्हर्जिन या प्रकाशनाने तिच्या नव्या कादंबऱ्या काढल्या आणि अननुभवी लेखकांची, म्हणजे बहुतांशी चाहत्यांचीच, हस्तलिखिते मागवून वाचली. आवडले नाही ते बोलून दाखवणाऱ्यांपैकी काही जण अशा रीतीने लिहू लागले. २००५ साली मालिका पुन्हा सुरू करणारे रसेल टी. डेव्हिस यांनीही १९९६ साली त्याच मालेत एक कादंबरी लिहिली होती. जेनवेच्या शोकाला जागा देणाऱ्या बेयर पुढे ‘पिकार्ड’ या मालिकेच्या निर्मात्या-लेखकांपैकी एक झाल्या. म्हणजे ज्या मालिकेने कादंबऱ्या बाद ठरवल्या, तिच्या जन्मातही त्या कादंबऱ्यांच्या लेखिकेचा हात होता.

गॅरॅकच्या त्या पत्राचीही गोष्ट मुद्रणापाशी थांबली नाही. पडद्याने ती कादंबरी कधी अधिकृत मानली नाही, नंतरच्या मालिकांनी तिच्याकडे पाहिले की नाही याचे तिच्या वाचकांना फारसे काही वाटले नाही, आणि छापून आल्यानंतर दोन दशकांहून अधिक काळाने रॉबिन्सन यांनी ती सगळी स्वतः वाचून ध्वनिपुस्तकाच्या रूपात दिली. ज्या वाचकांनी इतकी वर्षे तिची पाने त्या आवाजात मनातल्या मनात ऐकली होती, त्यांना ती अखेर त्याच आवाजात ऐकायला मिळाली.