बाजूची सीट रिकामी ठेवा, नाहीतर दोन हजार

आज सकाळी नळ स्टॉपला पाऊण तास अडकले. इंजिन बंद करून मोबाईल बघितला, तर सोसायटीच्या ग्रुपवर एका गृहस्थांचा मेसेज: "दिल्लीसारखं पुण्यातही ऑड-ईवन लावा, दोन दिवसांत लोक सरळ होतील." खाली अंगठ्यांची रांग. ऑड-ईवन म्हणजे सम-विषम: सम तारखेला सम नंबरच्या गाड्या रस्त्यावर, विषम तारखेला विषम. या गृहस्थांच्या दोन गाड्या आमच्या पार्किंगमध्ये शेजारी शेजारी उभ्या असतात. एकीचा नंबर ४ वर संपतो, दुसरीचा ७ वर. सरळ कोण होणार आहे, कळलं ना?

ग्रुपवर काही बोलले नाही. पाण्याच्या टँकरवरून तिथे माझं आधीच एकदा वाजलंय. म्हणून इथे लिहितेय.

जानेवारी २०१६ मध्ये मी दिल्लीत होते. घर मयूर विहारला, ऑफिस कॅनॉट प्लेसला. १ ते १५ जानेवारी, रविवार सोडून रोज सकाळी ८ ते रात्री ८, विषम तारखेला विषम नंबरच्या गाड्या आणि सम तारखेला सम. चुकलात तर २००० रुपये दंड. माझी गाडी विषम, आणि समोरच्या फ्लॅटमधल्या काकांचीही विषम. काकांचं ऑफिस आयटीओला, म्हणजे माझ्या वाटेवरच. निवृत्तीला दोनेक वर्षं उरलेली, गुडघे कधीचेच गेलेले.

बायकांना सूट होती. पण ती कशी, तर बाई एकटी असेल किंवा सोबत फक्त बायका आणि बारा वर्षांच्या आतली मुलं असतील तरच. मोठा पुरुष गाडीत बसला की सूट संपली.

४ जानेवारी, सोमवार. कडाक्याची थंडी. गेटमधून गाडी बाहेर काढली तर काका मफलर गुंडाळून मेट्रोच्या दिशेने निघालेले, एक पाय जपून टाकत. सवयीने थांबले, काच खाली केली. काकांनी दाराला हातही घातला होता. आणि मग माझ्या लक्षात आलं. म्हटलं, अंकल, आप बैठे तो दो हज़ार. क्षणभर त्यांना कळेना, मग मोठ्याने हसले. "फिर तो टैक्सी सस्ती है, बेटा!"

आणि मी पुढे निघून गेले. चार रिकाम्या सीट घेऊन, अगदी कायद्याने.

मेट्रो होती ना, मग तू का नाही गेलीस, असं विचाराल. होती. ब्लू लाइन, थेट राजीव चौक, म्हणजे कॅनॉट प्लेसच. उत्तर नाही माझ्याकडे. सूट मिळाली म्हणून घेतली, बस्स.

बरं, त्या पंधरवड्यात रस्ते मोकळे होते, हे मान्य. निजामुद्दीनच्या पुलावर गाडी चक्क तिसऱ्या गिअरच्या वर जायची. पण तेव्हा शाळा बंद ठेवल्या होत्या हो! मुलं घरी आणि शाळांच्या बस शहराच्या दिमतीला. मे महिन्यात आपला कर्वे रोडही किती शहाण्यासारखा वागतो, ते आठवा.

चिडायला होतं ते याचं, की नियम नंबर प्लेट बघतो, गाडीत माणसं किती ते बघतच नाही. जकार्तामध्ये पूर्वी उलटा नियम होता. गर्दीच्या वेळी काही मोठ्या रस्त्यांवर गाडीत किमान तीन माणसं हवीत. तर लोकांनी काय करावं? रस्त्याच्या कडेला भाड्याची माणसं उभी राहायला लागली, पैसे घेऊन शेजारी बसायला. काही बायका कडेवर बाळ घेऊन, म्हणजे एका फेरीत दोन डोकी भरली! २०१६ मध्ये तो नियम गेला आणि तिथेही सम-विषम आलं. तिकडे सीट भरायला पैसे, माझ्या गाडीत सीट भरली तर दंड.

मेक्सिको सिटीत १९८९ पासून नंबरच्या शेवटच्या आकड्यावरून आठवड्यात एक दिवस गाडी घरी ठेवायचा नियम आहे. तिथे अनेकांनी काय केलं? दुसरी गाडी घेतली, बऱ्याचदा जुनी आणि जास्त धूर सोडणारी. लांब कशाला जायचं? २०१६ च्याच एप्रिलमध्ये दिल्लीत दुसरी फेरी लागली, १५ ते ३० तारीख. खाली उतरले तर काकांच्या गाडीला चिकटून एक म्हातारी मारुती उभी, सम नंबरची. काका फडक्याने तिची काच पुसत होते, चेहऱ्यावर नवी गाडी आणल्याचा आनंद. "अब कोई दिक्कत नहीं!"

असा संताप आला होता. पण कुणाचा, तेच कळेना. त्यांचा कसा करू? त्या थंडीत गुडघे धरून ते चालत गेले होते आणि मी त्यांच्या समोरून निघून गेले होते. मलाही तेव्हा त्यांना "चला माझ्यासोबत मेट्रोने" म्हणायचं सुचलं नाही. तेवढं जरी म्हटलं असतं तरी ती मारुती कदाचित आली नसती.

२०१९ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा सम-विषम लावलं. दंड ४०००. बायकांची सूट तीच, रिकाम्या सीटसकट.

आणि पुण्यात? दिल्लीत दुचाकींना सूट होती. इथे ती दिलीत तर अर्ध्याहून जास्त शहर नियमाबाहेर. नाही दिलीत तर पहाटेच्या शिफ्टला स्कूटरवरून जाणारी नर्स कशाने जाणार? आधी दर दहा मिनिटांनी बस येऊ द्या. काकांसारख्यांना स्टॉपपर्यंत न लंगडता जाता येईल असा फुटपाथ द्या, त्यावरच्या गाड्या उचला. रस्त्यावर गाडी लावायचे दणकून पैसे घ्या, माझ्याकडूनही घ्या. मग लावा हवा तो नंबर.

लिहिता लिहिता ग्रुपवर आणखी सहा अंगठे आले. जाऊ दे, विचारतेच त्यांना आता, ४ वाली विकताय की ७ वाली. टँकर गेला खड्ड्यात.