आईच्या गोळ्या बंद होण्याआधी: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवरील माझ्या लेखावर आपण लिहिलेली दीर्घ प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपण नावाऐवजी 'एका आईचा मुलगा' अशी सही केली आहे, तेव्हा त्याच नात्याने हे उत्तर लिहिते. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगायचे तर, आपल्या ७१ वर्षांच्या मातोश्री गेल्या वर्षी ओट्यापाशी पाय घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि तेव्हापासून त्या या गोळ्या घेत होत्या. माझा लेख कोणीतरी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तो वाचून त्यांनी गोळ्या सोडल्या, आणि तीन आठवडे झाले तरी त्या कोणाचे ऐकत नाहीत. गोळ्यांचा फायदा दाखवणारा फ्रान्समधला अभ्यास मी दडवला, अमेरिकेतल्या चाचणीत नियमित गोळ्या घेणाऱ्यांना झालेला २९ टक्के लाभ सांगितला नाही, परदेशातल्या खात्यापित्या लोकांवरचे निष्कर्ष आपल्या माथी मारले, आणि ज्यांनी गोळ्यांविरुद्ध विडाच उचलला आहे अशा न्यूझीलंडच्या एका संशोधकावर विसंबून राहिले, असे आपले म्हणणे आहे.

वाद नंतर घालू, आधी मातोश्रींविषयी. त्यांनी गोळ्या पुन्हा सुरू कराव्यात, निदान ज्या डॉक्टरांनी त्या लिहून दिल्या त्यांची भेट होईपर्यंत तरी. ज्यांचे हाड कधी मोडलेले नाही, जे घरी हिंडतेफिरते आहेत आणि जाहिरात पाहून किंवा शेजारणीचे ऐकून दुकानातून डबी आणतात, त्यांच्यासाठी माझा लेख होता. तसे मी लिहिलेही होते, पण सातव्या परिच्छेदात; वर शीर्षक मात्र 'या गोळ्यांनी हाडे मोडायची थांबत नाहीत' असे सरसकट ठोकून दिले होते. व्हॉट्सअ‍ॅपवर सातव्या परिच्छेदापर्यंत कोणी पोहोचत नाही, एवढे मला कळायला हवे होते. ही चूक सर्वस्वी माझी आहे. शीर्षक आज बदलले आहे आणि लेख कोणासाठी आहे हे पहिल्याच ओळीत घातले आहे.

फ्रान्समधला अभ्यास मी दडवला नव्हता, एका वाक्यात उरकला होता; परंतु तो त्याहून अधिक जागेचा धनी आहे हे मान्य. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ३,२७० स्त्रिया होत्या, सरासरी वय ८४, सगळ्या वृद्धाश्रमांत राहणाऱ्या. निम्म्यांना रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ड जीवनसत्त्व दिले, निम्म्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या. दीड वर्षानंतर पहिल्या गटात खुब्याचे अस्थिभंग ४३ टक्क्यांनी कमी भरले. आता या बायका कोण होत्या ते पाहा. त्यांच्या जेवणातून दिवसाला जेमतेम ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळत होते आणि अंगाला ऊन लागत नव्हते. रक्तातले कॅल्शियम जरासे घसरले की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी एक संप्रेरक सोडतात आणि ते हाडांच्या पेढीतून उचल करून रक्ताची निकड भागवते. या बायकांच्या हाडांतून अशी उचल बारा महिने चालू होती. गोळ्या सुरू झाल्यावर ते संप्रेरक निम्म्याच्या जवळपास उतरले, उचल थांबली, आणि हाडे तरली.

याउलट अमेरिकेतल्या ज्या मोठ्या चाचणीचा निकाल २००६ साली आला, तीत ५० ते ७९ वयाच्या ३६,२८२ स्त्रिया होत्या आणि चाचणीची गोळी सुरू होण्याआधीच त्यांच्या पोटात, जेवणातून आणि स्वतःहून घेतलेल्या गोळ्यांतून मिळून, रोज ११०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जात होते. त्यावर आणखी १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट ड जीवनसत्त्व सरासरी सात वर्षे दिले, तेव्हा खुब्याचे अस्थिभंग १२ टक्क्यांनी कमी दिसले खरे, पण तेवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. मुतखडे मात्र १७ टक्क्यांनी वाढले आणि तो फरक योगायोगाचा नव्हता. भरल्या हंड्यात ओतलेले पाणी कोठून तरी ओघळणारच, ते येथे मूत्रपिंडातून ओघळले. २०२२ साली निकाल आलेल्या 'व्हायटल' चाचणीतही तेच झाले: २५,८७१ माणसे, निम्म्यांना रोज २,००० युनिट ड जीवनसत्त्व, पाच वर्षांहून अधिक काळ, आणि दोन्ही गटांत मोडलेल्या हाडांची संख्या जवळजवळ सारखी. त्या लोकांच्या रक्तातील ड जीवनसत्त्वाची सरासरी सुरुवातीलाच मिलिलिटरला ३० नॅनोग्रॅमच्या वर, म्हणजे पुरेशी होती. म्हणून 'गोळी लागू पडते का' या प्रश्नाला, गोळी कोणाच्या पोटात गेली हे विचारल्याखेरीज उत्तरच नाही. माझ्या शीर्षकाने नेमके तेच विचारायचे टाळले होते.

त्या २९ टक्क्यांचे काय, हा आपला प्रश्न चांगला आहे. ज्यांनी गोळ्या नेमाने घेतल्या तेवढ्यांचीच तुलना केली असता खुब्याचे अस्थिभंग २९ टक्क्यांनी कमी निघाले, हे २००६ सालच्या त्या चाचणीच्याच शोधनिबंधात छापलेले आहे. परंतु कोणत्या गटात कोण जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवतात ते दोन्ही गट सारखे असावेत म्हणून, आणि 'नेमाने घेणाऱ्या' बायका वेगळ्या काढल्या की ते सारखेपण मोडते. कॅल्शियमने जिचे पोट धरले किंवा जिला खडा झाला, ती खऱ्या गोळ्यांच्या गटातून गळणार. खोट्या गोळीने असा त्रास होत नाही, म्हणून त्या गटातली तशीच नाजूक प्रकृतीची बाई टिकून राहणार. मग दोन्हीकडच्या 'नेमाने घेणाऱ्या' एकसारख्या उरल्या असे कसे म्हणावे? या आकड्याने मनात शंका जागी ठेवावी, त्यावर मी निष्कर्ष मात्र बांधणार नाही.

परदेशी अभ्यासांविषयीचा आपला मुद्दा मला बराचसा पटतो. आपल्याकडे पुष्कळ घरांत दूध चहापुरतेच येते, आणि ते आधी मुलांना, मग पुरुषांना, उरलेच तर बाईला. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढांसाठी कॅल्शियमची शिफारस दिवसाला ६०० वरून १,००० मिलिग्रॅमवर नेली, आणि पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी १,२०० वर. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणजे नाचणीची एक भाकरी आणि कपभर दही घेऊनही हा आकडा लांबच राहतो. ज्या आजी ताटाला ही भर घालू शकत नाहीत, त्या फ्रान्समधल्या बायकांच्या अधिक जवळच्या आहेत, हे मी लेखात लिहायला हवे होते.

मात्र आपल्याकडे उणीव आहे एवढ्यावरून कितीही डोस चालतो असे होत नाही, आणि येथे मला घरचे एक उदाहरण द्यावे लागेल. माझी सांगलीची मावशी ७८ वर्षांची. पाठ दुखते म्हणून रक्त तपासले, ड जीवनसत्त्व १४, म्हणजे कमी निघाले, आणि ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, असे डॉक्टरांनी लिहून दिले. त्या चिठ्ठीत चुकीचे काही नव्हते. पण चिठ्ठीवरचा 'आठवड्यातून' हा शब्द तिला वाचता आला नाही आणि औषधाच्या दुकानात कोणी तो तोंडी सांगितला नाही. ती रोज रात्री एक पुडी दुधात ढवळून घेत राहिली, संपल्या की नव्या आणवत राहिली. दिवाळीत मी गेले तेव्हा फाडलेल्या पुड्या फळीवरच्या पितळी डब्यात रबर लावून जपून ठेवलेल्या होत्या, हिशेबाला. मी मोजल्या, ७४ भरल्या. म्हणजे ४४ लाख ४० हजार युनिट. तोवर तिला मळमळ होती, पोट साफ होत नव्हते, तहान भागत नव्हती, आणि रात्री उठून ती माजघरात कोणाशी तरी बोलत बसायची. घरच्यांना वाटले वयाने भ्रम झाला. रक्तातले कॅल्शियम १३.६, म्हणजे फारच वर चढलेले होते आणि मूत्रपिंडाचे काम मंदावले की वाढणारे क्रिएटिनिन दुपटीवर गेले होते. सलाईन आणि स्टिरॉइडवर दहा दिवस काढून ती घरी आली, ती नशिबाने.

मावशीची कथा म्हणजे पुरावा नव्हे, हे आपण म्हणण्याआधी मीच म्हणते. पुरावा ऑस्ट्रेलियातला आहे: ७० वर्षांवरील २,२५६ स्त्रियांना वर्षातून एकदा एकदम पाच लाख युनिट ड जीवनसत्त्व दिले, रोजची कटकट वाचावी एवढाच हेतू होता, आणि २०१० साली निकाल आला तो असा की औषध घेतलेल्या बायका १५ टक्के अधिक वेळा पडल्या आणि त्यांचे अस्थिभंग २६ टक्क्यांनी वाढले. पडण्याचे प्रमाण डोसनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक होते.

न्यूझीलंडचे संशोधक म्हणजे ऑकलंडचे मार्क बोलँड. ड जीवनसत्त्वाच्या ८१ चाचण्या एकत्र करून अस्थिभंगावर परिणाम दिसत नाही असे त्यांनी २०१८ साली मांडले, आणि सरसकट मांडणीचा दोष माझ्या शीर्षकाला लागतो तसा या बेरजेलाही थोडा लागतो, कारण तीत खरी उणीव असलेली माणसे थोडी होती. पण विडा उचलल्याचा आरोप टिकत नाही. त्याच वर्षी त्यांच्याच गटाने, इयन रीड यांच्या नेतृत्वाखाली, झोलेड्रोनिक आम्ल या हाडांच्या औषधाने ६५ वर्षांवरील २,००० स्त्रियांमध्ये अस्थिभंग ३७ टक्क्यांनी कमी झाल्याचे दाखवले. औषधांचा द्वेष्टा असले काम कशाला करील? शिवाय जपानच्या योशिहिरो सातो यांच्या बनावट चाचण्या उघडकीस आणण्यात बोलँड आणि अ‍ॅबर्डीनच्या अ‍ॅलिसन अव्हेनेल यांचाच पुढाकार होता. पक्षाघात आणि पार्किन्सनच्या रुग्णांत जीवनसत्त्वांनी व हाडांच्या औषधांनी खुबा मोडणे विलक्षण कमी होते असे सातो छापत होते. त्यांच्या ३३ चाचण्यांचे आकडे तपासून ते खरे असणे किती अशक्यप्राय आहे हे या मंडळींनी २०१६ साली मांडले आणि पुढे सातो यांचे निबंध एकामागून एक मागे घेतले गेले. 'संशोधक विकले जातात' असे आपण लिहिले आहे. येथे लबाडी पकडणारेही संशोधकच होते, आणि त्यांतले एक नेमके आपल्या नावडीचे.

आपल्या प्रतिक्रियेत मला सर्वांत जास्त खटकले ते एक साधे वाक्य, 'आईवर व्यवस्थित उपचार चालू होते, ते तुम्ही बंद पाडले.' उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडणे म्हणजे हाडे ठिसूळ झाल्याचेच निदान आहे. त्यासाठी हाडांच्या घनतेच्या तपासणीतला आकडा उणे अडीचच्या खाली जाण्याची वाट पाहावी लागत नाही. अशा रुग्णाला कॅल्शियम आणि ड हवेतच, पण ती औषधाची साथसंगत आहे, औषध नव्हे. २००७ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी मातोश्रींसारख्याच २,१२७ रुग्णांवर झाली. सर्वांच्या खुब्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली होती आणि सर्वांना कॅल्शियम व ड दिले जात होते. अर्ध्यांना त्याशिवाय झोलेड्रोनिक आम्लाचे सलाईन वर्षातून एकदा दिले. सुमारे दोन वर्षांत ज्यांना फक्त कॅल्शियम आणि ड मिळत होते त्यांच्यापैकी १३.९ टक्क्यांचे पुन्हा हाड मोडले आणि १३.३ टक्के दगावले. सलाईन घेतलेल्यांत हेच आकडे ८.६ आणि ९.६ होते. पहिल्या गटातल्या लोकांच्या घरीही 'व्यवस्थित उपचार चालू आहेत' असेच वाटत असणार.

आपण पाठवलेल्या औषधांच्या यादीत कॅल्शियम, ड, रक्तदाबाची एक गोळी आणि आम्लपित्ताची एक गोळी, एवढेच आहे. म्हणून डॉक्टरांकडे जाल तेव्हा गोळ्या चालू ठेवायच्या का एवढेच विचारून परतू नका. हाडांचे औषध का दिलेले नाही, हेही विचारा. त्याला सबळ कारण असू शकते. मूत्रपिंड पुरेसे चालत नसेल तर ते सलाईन देता येत नाही, आणि ड जीवनसत्त्व कमी असताना ते दिले तर रक्तातले कॅल्शियम धोकादायक घसरू शकते, म्हणूनही आत्ता त्या गोळ्या सुटायला नकोत. जाताना क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचे ताजे अहवाल, शस्त्रक्रियेचे कागद आणि घरातली सगळी औषधे एका पिशवीत घालून न्या. एखादा दात काढायचा राहिला असेल तर तेही आधीच सांगा, कारण या औषधानंतर जबड्याचे हाड क्वचित भरून येत नाही. आणि मातोश्री माझा लेख पुढे करून अडून बसल्या, तर हे उत्तर त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.