'पोर्ट' एक की अनेक? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून दोन ओळींत आटोपत नाही. 'पोर्ट' या इंग्रजी शब्दावरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप तीन. शब्द एकच, त्याचा अर्थ बंदर, तरी मी उगाच त्याचे तुकडे पाडले. तो पोर्तुगिजांकडून इंग्रजीत गेला, हे गोव्यात बसून लिहिणाऱ्याने सांगितलं नाही. आणि जहाजाच्या डाव्या बाजूला 'पोर्ट' का म्हणतात, याचं तुमच्या तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी केलेल्या, मामांनी दिलेलं कारण (डावीकडचा दिवा लाल, पोर्ट वाईनही लाल) मी वगळलं.

मामांचं आधी घेतो. लक्षात ठेवायला ती युक्ती झकास आहे, खलाशी तशीच पाठ करतात. पण व्युत्पत्ती म्हणून ती टिकत नाही, कारण काळाचा क्रम उलटा आहे. डाव्या बाजूसाठी 'पोर्ट' इंग्रजीत 16 व्या शतकात सापडतो, वाईनचं हे नाव 17 व्या शतकाच्या अखेरीस, आणि लाल-हिरव्या दिव्यांचे नियम आले थेट 19 व्या शतकात. कारण सुकाणूत आहे. उत्तर युरोपातल्या जुन्या जहाजांचं सुकाणू म्हणजे उजव्या अंगाला बांधलेलं मोठं वल्हं. म्हणून उजवी बाजू 'स्टारबोर्ड', म्हणजे सुकाणूची बाजू. धक्क्याला लागताना ते वल्हं चिरडू नये म्हणून जहाज डाव्या अंगाने लावत. बंदराकडे असायची ती 'पोर्ट'. तिचं जुनं नाव 'लारबोर्ड'. वाऱ्यापावसात ओरडून दिलेले 'स्टारबोर्ड' आणि 'लारबोर्ड' हे हुकूम ऐकणाऱ्याला सारखेच वाटत. शेवटी 1844 मध्ये ब्रिटिश नौदलाने 'लारबोर्ड' बादच करून टाकला.

म्हणजे डावी बाजू बंदरातूनच आली. वाईनही तशीच. पोर्तुगालमधल्या दोरो नदीच्या मुखावरच्या ज्या शहरावरून तिचं नाव पडलं, ते पोर्तो, म्हणजे बंदर. त्याच्या आधी लागणारं 'ओ' हे पोर्तुगीज उपपदही इंग्रजांनी नावातच ओढून 'ओपोर्तो' केलं. इथवर आपलं भांडण नाही, लेखातही मी हेच लिहिलं होतं.

भांडण आहे ते कॉम्प्युटरच्या पोर्टवर. वायर येऊन लागते म्हणून तेही बंदरच, असं तुम्ही म्हणता. कल्पना गोड आहे, पण तो 'पोर्ट' दुसऱ्या घरचा. लॅटिनमध्ये 'पोर्तुस' म्हणजे बंदर आणि 'पोर्ता' म्हणजे दार, वेस. जहाजाच्या कुशीत तोफांसाठी ठेवलेली भोकं, 'पोर्टहोल', यंत्रात वाफ आतबाहेर जाण्याची तोंडं, आणि पुढे कॉम्प्युटरची खोबण, हे सगळे दाराचे वंशज. इंग्रजीत शेवटचा स्वर झडला आणि दोघांचं रूप एक झालं. पोर्तुगीजमध्ये तो शाबूत आहे. तिथे बंदर 'पोर्तो', दार 'पोर्ता', आणि यूएसबीचं पोर्ट? 'पोर्ता'च. घरात कुणी जुन्या वळणाचं पोर्तुगीज जाणणारं असेल तर विचारून पाहा. (स्पॅनिश लोक मात्र यूएसबीलाही 'पुएर्तो', म्हणजे बंदर, म्हणतात. हा मुद्दा तुमच्या बाजूने मीच देऊन ठेवतो.) आपल्याकडेही हा प्रकार आहेच: रायबंदर या गोव्यातल्या गावाच्या नावातलं 'बंदर' फारसीतून आलं, हिंदीतलं माकड असलेलं 'बंदर' संस्कृत 'वानर'वरून. दिसायला जुळे, म्हणून रायबंदरात कुणी माकडं शोधत नाही.

पोर्तुगिजांच्या श्रेयाचं म्हणाल तर इंग्रजांनी 'पोर्ट' थेट लॅटिनमधून घेतला, तोही जुन्या इंग्रजीच्या काळात. पोर्तुगालचं राज्य उभं राहिलं त्यानंतर, 12 व्या शतकात. त्या देशाचं नावसुद्धा 'पोर्तुस काले' या लॅटिन स्थळनामावरून पडलेलं. गोव्यातली प्रत्येक गोष्ट पोर्तुगिजांच्या खात्यावर टाकायची सवय आपल्याला लागली आहे, इंग्रजी शब्दकोश तरी सोडूया.

आता तुम्ही म्हणाल, 'पोर्तुस' आणि 'पोर्ता' मुळात भावंडंच ना? हो. हजारो वर्षं मागे गेलं तर दोन्ही 'ओलांडणे, पलीकडे नेणे' अशा अर्थाच्या एकाच धातूपाशी पोचतात. आपलं 'पार' आणि 'पारंगत'ही तिथलेच. पण त्या हिशेबाने रायबंदर-चोडण फेरीबोटीतली इंग्रजी 'फेरी'ही त्याच कुळातली निघते (फेरीवाल्याची फेरी नव्हे, ती आपल्या फिरण्यातली). मग तिलाही 'पोर्ट' म्हणणार का? नातं असणं वेगळं आणि शब्द एकच असणं वेगळं. त्यामुळे लेखाचा मथळा बदलावा ही तुमची सूचना मी स्वीकारत नाही.

बंदराच्या बाजूला मात्र एका शब्दाची भर घालता येईल, लेखात तो राहून गेला होता: 'ऑपॉर्च्युनिटी'. त्यातही 'पोर्तुस' दडलेला आहे. लॅटिन 'ओपोर्तुनुस' म्हणजे जहाजाला बंदराकडे नेणारा, अनुकूल वारा.