मृत्यू, प्रकरण चौथे

भाची दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून ग्वाल्हेरला आली ती एम.ए.च्या लघुप्रबंधाचा गठ्ठा घेऊनच. 'भा. रा. तांबे यांच्या कवितेतील निसर्ग, प्रेम आणि मृत्यू'. "आत्या, शुद्धलेखन तेवढं बघून दे." बघायला घेतलं शुद्धलेखन आणि दुपारभर भांडत बसलो.

प्रकरणं ठरलेली. कविपरिचय, निसर्ग, प्रेम, मृत्यू, उपसंहार. वरचं नाव बदललं तर मधली तीन कुठल्याही कवीला चालतील. एकेक कविता उचलायची, डब्यात टाकायची, डब्यावर दोन समीक्षकांची मतं चिकटवायची. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, असल्या डब्यांची मांडणीच्या मांडणी भरलेली आहे. आणि धास्ती कशाची, तर इतरांच्या लिखाणाशी साम्य दहा टक्क्यांच्या वर जाण्याची! (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१८ च्या नियमांत दहापर्यंत माफ आहे.)

'मावळत्या दिनकरा' अर्थातच चौथ्या प्रकरणात. मावळता सूर्य म्हणजे मृत्यू, दीड पान, झालं. मी विचारलं, "अगं, 'शितं तोवर भुतं' ही म्हण त्यातच आहे ना? मरणाच्या कवितेत तिचं काय काम?" ती ओळ हिनं घेतलीच नव्हती. उगवत्याला सगळे हात जोडतात, मावळत्याकडे पाठ फिरवतात, उपकार कुणी आठवत नाही, हे सगळं गाळून उरला नुसता मृत्यू.

कविता १९३५ ची, ठिकाण लष्कर-ग्वाल्हेर, म्हणजे ग्वाल्हेरचाच लष्कर नावाचा भाग. तांबे साठी ओलांडलेले, आयुष्य संस्थानांच्या चाकरीत गेलेलं. संस्थानी गावात कुणाची चलती संपली हे त्याच्या दारातल्या चपलांवरून कळायचं, असं आमचे आजोबा सांगत. त्या गोष्टी ऐकतच ही पोर लष्करात वाढली. तिच्या प्रबंधात मात्र ग्वाल्हेर येतं फक्त कविपरिचयात, '१९४१ मध्ये निधन' याच्या शेजारी.

माझंच खरं असं नाही. मरणही असेल त्यात, तांबे पुढे सहाच वर्षं होते. पण रुसवा आधी दिसतो हो, निदान मला तरी.

रात्री तिनं ते दीड पान काढून टाकलं. आता कविता निसर्गात बसेना, प्रेमात बसेना. मार्गदर्शक सरांना सोमवारी फोन करायचाय, आणि "आत्या, तूच बोल" म्हणून माझ्यामागे लागलीये.